पाट्याचे बुश काढण्यासाठी घरी पुलर बनवायचा आहे: पोलाद कोणते, बार किती जाडीचा?

प्रश्न (ट्रकमालक, शिरोली)

नमस्कार मंडळी. आमच्या दोन सहाचाकी गाड्या आहेत. हंगामात त्या उसाच्या वाहतुकीला असतात आणि कारखाने बंद झाले की गगनबावड्याच्या घाटातून खाली उतरून वैभववाडीकडचा चिरा कोल्हापुरात आणतात. शेतातल्या चाकोऱ्या आणि घाटातली वळणे असा दोन्हीकडचा मार खाल्ल्यामुळे पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पिना आणि बुश (पिनेभोवतीच्या नळ्या) दर दोन-तीन वर्षांनी बदलावे लागतात. गाड्यांची किरकोळ दुरुस्ती मी आणि माझा धाकटा भाऊ घरामागच्या शेडमध्येच करतो. वेल्डिंग मशीन, शेगडा, ग्राइंडर आणि दहा टनी बॉटल जॅक एवढी साधने आमच्याकडे आहेत.

अडचण जुन्या गाडीची आहे. जुलै २०२१ च्या पुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले होते, तेव्हा ही गाडी चार दिवस चाके बुडतील इतक्या पाण्यात उभी होती. पूर ओसरल्यावर ब्रेक, हब आणि डिफरन्शियल उघडून सगळे साफ केले; पाट्यांना मात्र वरून ग्रीस मारून सोडून दिले आणि ती चूक आज भोवत आहे. गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये पुढच्या डाव्या पाट्याची पिन काढायला गाडी दिली होती. तिथे घणाचे घाव घालून पिन निघाली खरी, पण तिचे डोके छत्रीसारखे पसरले आणि हँगरच्या (चेसिसवर पाटा जिथे अडकतो त्या कंसाच्या) कानाला तडा गेला. हँगरचा खर्च मलाच सोसावा लागला. त्यामुळे या वेळी उजव्या बाजूचे काम दसऱ्याच्या आत स्वतःच, आणि घणाशिवाय करायचे ठरवले आहे.

त्यासाठी आतापर्यंत दोन प्रयोग केले. पहिल्यांदा हार्डवेअरच्या दुकानातून एम २० चा (२० मिलिमीटर जाडीचा) आट्यांचा बार आणून, एका बाजूला पाइपचा तुकडा आणि दुसऱ्या बाजूला जाड वायसर लावून नट आवळला. बुश जागचा हलला नाही आणि बाराचे आटे मात्र नटाच्या आत भुगा होऊन निघाले. दुसऱ्यांदा २५ मिलिमीटर जाड आणि ७५ मिलिमीटर रुंद पट्टीचे तीन तुकडे वेल्ड करून इंग्रजी ‘सी’च्या आकाराचा सांगाडा बनवला आणि त्यात जॅक बसवला. जॅकवर जोर येताच सांगाडा डोळ्यांदेखत उघडू लागला, म्हणून तिथेच थांबलो.

मापे अशी आहेत: बुश बाहेरून ४० मिलिमीटर, आतून ३० मिलिमीटर आणि पाट्याची रुंदी ७० मिलिमीटर. पाटा गाडीवरच आहे, पण डोळा (पाट्याचे गोल वळवलेले टोक) हँगरमधून सोडवून खाली घेतला आहे. बार कोणत्या पोलादाचा आणि किती जाडीचा घ्यावा, पाइपच्या तुकड्याऐवजी नेमके काय वापरावे, आणि जॅकचा सांगाडा कसा केला म्हणजे तो उघडणार नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (लेथकामगार, शिवाजी उद्यमनगर)

आपल्या दोन्ही प्रयोगांमागची कल्पना बरोबर होती, फसले ते माल निवडण्यात. पुलरचे उत्तर मी देतो, कारण असे पुलर मी गॅरेजवाल्यांना बऱ्याच वेळा करून दिले आहेत. सांगाड्याबद्दल माझ्यापेक्षा अधिक जाणणारे कोणी लिहील.

दुकानात मिळणारा साधा आट्यांचा बार बहुधा ४.६ दर्जाचा असतो. त्या दर्जाचा एम २० बार कायमचा न ताणता साधारण साडेपाच टन भार सोसतो. ८.८ दर्जाचा तेवढ्याच जाडीचा बार पंधरा टनांपर्यंत जातो आणि ८.८ चा एम २४ बार एकवीस टनांपर्यंत. म्हणजे जाडी न वाढवता केवळ दर्जा बदलला तरी ताकद जवळजवळ तिप्पट होते. तुमच्या बुशाचे भोक ३० मिलिमीटरचे आहे, त्यातून एम २४ आरामात जातो, त्यामुळे तोच घ्यावा. विकत घेताना बाराच्या टोकावर ८.८ चा शिक्का आहे का ते बघा. शिक्का नसेल तर दुकानदाराच्या शब्दावर विसंबण्यापेक्षा ईएन १९ (मिश्र पोलाद) चा हार्डनिंग-टेम्परिंग केलेला बार आणून लेथवर आटे पाडून घेतलेले चांगले. पुष्कळ जण अशा वेळी चौकोनी किंवा ट्रॅपेझॉइडल आटे पाडायला सांगतात. ते टिकतात जास्त यात शंका नाही, पण २४ च्या बारावर ५ पिचचे (दोन आट्यांमध्ये ५ मिलिमीटर अंतर असलेले) ट्रॅपेझॉइडल आटे पाडले की खाली गाभा साडेअठरा मिलिमीटरचाच उरतो, हे लक्षात ठेवा. वर्षातून चार वेळा लागणाऱ्या हत्याराला नेहमीचे ३ पिचचे आटे पुरेत.

आटे नटाच्या आत गेले, याचे दुसरे कारण नटाची उंची हे असावे. जो नट शंभर वेळा फिरवायचा आहे तो नेहमीच्या उंचीचा घेऊ नये. ईएन ८ (मध्यम कार्बनचे पोलाद) च्या षटकोनी बारातून ४५ ते ५० मिलिमीटर लांबीचा नट करून घ्या. भार जास्त आट्यांवर वाटला जातो आणि झीज कमी होते. आट्यांना आणि नटाच्या बसणीला मॉलीचे काळे ग्रीस भरपूर लावा. नटाखाली थ्रस्ट बेअरिंग घातले तर हात हलका चालतो. ५१२०५ क्रमांकाच्या बेअरिंगचा आतला व्यास २५ मिलिमीटर असल्याने ते या बारावर बसते. मात्र गंजलेल्या बुशाला लागणारा जोर त्या लहान बेअरिंगच्या क्षमतेपलीकडे गेला तर गोळ्या रिंगेत खड्डे पाडतात. त्यामुळे आधी दोन कडक, पॉलिश केलेल्या वायसरमध्ये ग्रीस घालून काम होते का ते पाहा.

आता पाइपच्या तुकड्याबद्दल. एका बाजूला ढकलणारा पंच आणि दुसऱ्या बाजूला बुश ज्यात उतरतो तो कप, असे दोनच भाग लागतात, पण दोन्ही लेथवर झालेले हवेत. पंच पायरीचा करा: मोठा व्यास ३९.५, म्हणजे तो बुशामागोमाग डोळ्यातून जाईल, आणि पुढची पायरी २९.५, म्हणजे ती बुशाच्या भोकात बसून पंचाला मध्यावर धरील. मधून बारासाठी २५ चे भोक. कपाचा आतला व्यास ४३, बाहेरचा ६३ आणि खोली ८५ मिलिमीटर ठेवा, म्हणजे सत्तर मिलिमीटरचा बुश पूर्ण आत मावतो. कपाच्या दोन्ही तोंडांचे फेसिंग एकाच बसणीत करून घ्या. तोंडे समांतर नसतील तर बुश तिरका निघू लागतो, डोळ्यात अडकतो आणि मग कितीही जोर लावला तरी तो फक्त घट्टच होत जातो. तुमचा पाइपचा तुकडा ग्राइंडरने कापलेला असणार, त्यामुळे हेही घडले असण्याची शक्यता आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्या उद्यमनगरात कोणत्याही भंगारवाल्याकडे जुन्या ऑइल इंजिनच्या लायनरचे तुकडे पडलेले असतात. व्यास हवा तसा मिळतो, भिंत जाड असते, त्यामुळे ते कप म्हणून वापरण्याचा मोह होतो. ते बीड (ओतीव लोखंड) आहे. बीड दाबाखाली आधी वाकून इशारा देत नाही, एकदम फुटते, आणि त्याच्या कपच्या कुठे जातील याचा नेम नसतो. माझ्या शेजारच्या शेडमधल्या एका मुलाच्या कपाळावर अशा तुकड्याचा व्रण आहे. कप ईएन ८ चाच करा.

आवळताना किती लांब पाइप घालावा, हेही ठरवून ठेवा. एम २४ वर दहा टन ओढ आणण्यासाठी साधारण ४७० न्यूटन मीटर पीळ लागतो, म्हणजे मीटरभर पाइपच्या टोकाला ४८ किलोचा जोर. ग्रीस चांगले असेल तर त्याहून कमी. तोच जोर दोन मीटर पाइपवर लावला तर ओढ वीस टनांवर, म्हणजे बाराच्या मर्यादेला जाऊन भिडते. म्हणून मीटरपेक्षा लांब पाइप हाताशी ठेवूच नका. बुश त्याने हलला नाही, तर पाइप वाढवण्याऐवजी उपाय बदलायचा. आणि आवळताना बाराच्या सरळ रेषेत कोणीही उभे राहू नये. बार तुटला तर तो त्याच रेषेत सुटतो. मी तर नटाच्या मागे ओले गोणपाट गुंडाळून ठेवतो.

उत्तर (पाटे मिस्त्री, मार्केट यार्ड)

लेथवाल्या दादांनी हत्यार चांगले सांगितले आहे. मी पस्तीस वर्षे पाट्यांचेच काम करतो, त्यामुळे हत्यार हातात घेण्याआधीच्या गोष्टी लिहितो. मालक, तुमच्या हँगरचा कान गेला तो नुसत्या गंजामुळे गेला असे मला वाटत नाही.

पिन न निघण्याची तीन कारणे असतात आणि गंज हे त्यांतले शेवटचे. पहिले कारण म्हणजे लॉकबोल्ट. बऱ्याच गाड्यांच्या पिनेला आडवी खाच असते आणि हँगरमधून आडवा जाणारा बोल्ट त्या खाचेत बसून पिनेला धरून ठेवतो. चिखल आणि ग्रीसचा थर इतका साचलेला असतो की हा बोल्ट दिसतच नाही, आणि माणूस पिन ठोकत बसतो. तो सगळा घाव हँगरच्या कानावर जातो. म्हणून आधी खरवडणी आणि तारेचा ब्रश घेऊन लोखंड उघडे पडेपर्यंत साफ करावे, डिझेलने धुवावे, आणि नंतरच पाना लावावा.

दुसरे कारण वजन. डोळ्यावर गाडीचे वजन असेल तर पिन चिमट्यात धरल्यासारखी अडकते, आणि जॅक जास्त चढवला तर लोंबणारा पाटा तिला उलट्या बाजूने दाबतो. या दोन्हींच्या मध्ये एक जागा असते, ती शोधावी लागते. चेसिस स्टँडवर घ्यायची, ॲक्सलखाली वेगळा जॅक लावायचा, आणि एकाने पिनेच्या टोकाला पाना लावून हलकेच फिरवत राहायचे, दुसऱ्याने जॅकचा दांडा पाव-पाव चालवायचा. त्या जागेवर आले की पिन हातात अचानक सैल होते. पाना धरलेल्या हाताला ते आधी कळते, डोळ्याला नंतर. माझ्याकडे ‘गंजली आहे’ म्हणून आलेल्या पिनांपैकी कितीतरी अशा नुसत्या जॅकवर सुटल्या आहेत. स्टँड मात्र खरे हवेत. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नका. मागच्या ॲक्सलचे काम असेल तर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, कारण हँडब्रेक मागच्या चाकांवरच असतो आणि ती चाके तुम्ही उचललेली असतात.

एवढे करूनही पिन हलली नाही तर गंज समजावा. पिनेच्या ग्रीस निपलच्या आट्यात बोल्ट घालून ओढण्याचा प्रयत्न करू नका. ते आटे बारीक असतात आणि पहिल्याच झटक्याला जातात. डिझेल आणि इंजिन ऑइल सारख्या प्रमाणात मिसळून रात्रभर सोडत राहावे, आणि सकाळी पिन बाहेर काढण्याआधी ती जागेवरच फिरते का ते पाहावे. आधी फिरवायची, मग ओढायची. फिरू लागली की कडेने तपकिरी चिखलासारखा गंज बाहेर येतो. तो दिसला की निम्मे काम झाले.

पोगराबद्दल (पिन ठोकून बाहेर काढायच्या दांड्याबद्दल) सांगतो. जुन्या पाट्याचे पोलाद फुकट मिळते, आपल्याकडचे लोहार त्याचेच ऊसतोडीचे कोयते करतात, त्यामुळे पोगरही त्याचाच करावा असे कोणालाही वाटेल. कोयत्याला ते पोलाद उत्तम आहे, पण पोगर म्हणून पाणी दिलेले (तापवून कडक केलेले) पाट्याचे पोलाद वापरू नये. घणही कडक आणि पोगरही कडक असला की कपची उडते आणि ती डोळ्याकडेच येते. पोगर पितळी करा किंवा ईएन ८ चा, कडक न केलेला. त्याचे डोके पसरले की ग्राइंडरवर कडा मोडून घ्या.

गॅसची फ्लेम मी हँगरला अगदी क्वचित लावतो आणि पाट्याच्या डोळ्याला कधीच लावत नाही. पाट्याच्या पोलादाला एकदा लाली आली की त्याचे पाणी उतरते, आणि तो पाटा पुढे भरल्या गाडीत नेमका डोळ्याजवळ तुटतो. मेन (मुख्य, डोळा असलेल्या) पाट्याचा डोळा तुटणे म्हणजे ॲक्सल जागा सोडणे. घाटात असे झालेले मी पाहिले आहे. गाडी कठड्याला टेकली म्हणून माणसे वाचली. हँगर तापवलाच तर त्यावर पाणी ओतू नका, तडा जातो. आणि जवळच ब्रेकच्या हवेच्या नायलॉन नळ्या व डिझेलची टाकी असते, याचे भान ठेवा.

आता तुमच्या अडकलेल्या बुशाला माझा उपाय पुलरचा नाहीच. हॅकसॉचे पान एका बाजूने फ्रेममधून सोडवून बुशाच्या आतून घाला, पुन्हा फ्रेमला लावा, आणि बुशाला आतून उभी चीर पाडा. भिंत पाच मिलिमीटरची आहे, त्यातली साडेचार कापायची आणि शेवटचे अर्धे ठेवायचे, म्हणजे डोळ्याला पान लागत नाही. चुकून खोल गेलात तर ते कानाने कळते, कारण पान पाट्याच्या पोलादाला लागले की करकरणारा आवाज एकदम बारीक आणि कडक होतो. चीर झाली की अरुंद छिन्नीने कड आत वळवा. बुशाची पकड सुटते आणि मग तो तुमच्या जुन्या बारानेही येईल. अर्धा-पाऊण तास लागतो, पण पाट्याला इजा होत नाही.

ट्रकमालक, शिरोली

मिस्त्रीकाका, लेथवाले दादा, दोघांचेही मनापासून आभार. मागच्या वेळची पिन अजून शेडमध्ये पडलेली होती, ती आताच धुऊन पाहिली. तिच्यावर आडवी खाच आहे आणि खाचेची एक कड चेपून बाहेर आली आहे. म्हणजे लॉकबोल्ट न काढताच ठोकले होते, हे आता लक्षात आले. चीर पाडण्याचा उपाय उद्या करतो. तरीही दुसऱ्या गाडीचे आणि मागच्या पाट्यांचे काम पुढे आहेच, त्यामुळे जॅकचा सांगाडा कसा करावा हे कोणी सांगितले तर बरे होईल.

उत्तर (निवृत्त निदेशक, औद्योगिक प्रशिक्षण संस्था)

आपला सांगाडा वेल्डिंग कच्चे असल्यामुळे उघडला असे आपल्याला वाटत असेल, तर तसे नाही. वेल्डिंग उत्तम असते तरी तो उघडलाच असता. ‘सी’ आकारात जॅकचा जोर मागच्या कण्यापासून दूर असतो, त्यामुळे कण्यावर नुसती ओढ येत नाही, तो वाकवलाही जातो. जॅकच्या मध्यापासून कण्याच्या आतल्या कडेपर्यंत अंतर १०० मिलिमीटर धरले तर २५ बाय ७५ च्या पट्टीत दहा टनांना सव्वासहाशे मेगापास्कलच्या आसपास ताण येतो. साधे पोलाद अडीचशेला कायमचे वाकू लागते. म्हणजे जॅक चार टनांवर पोहोचला तेव्हाच आपला सांगाडा शरण गेला होता. त्याच आकारात दहा टन सुरक्षितपणे पेलायचे तर कणा ४० बाय १२० मिलिमीटरचा लागेल आणि सांगाड्याचे वजन तीस किलोच्या घरात जाईल. तो पाट्याजवळ उचलून धरणे एकट्याचे काम नाही.

त्यापेक्षा दोन पट्ट्या आणि दोन बार असा चौकटीचा प्रकार करा. ४० मिलिमीटर जाड, १०० मिलिमीटर रुंद आणि साधारण २२० मिलिमीटर लांब अशा दोन पट्ट्या घ्या, त्यांच्या टोकांना १६० मिलिमीटर अंतरावर भोके पाडा आणि ८.८ दर्जाच्या एम २० च्या दोन बारांनी त्या जोडा. एक बार पाट्याच्या वरून जाईल आणि एक खालून. जोर दोन्ही बारांच्या मधोमध येत असल्याने बारांवर फक्त ओढ येते, आणि दोघांची मिळून क्षमता तीस टन असल्याने दहा टनी जॅकला तिप्पट आधार मिळतो. पट्ट्यांमधला ताण दीडशे मेगापास्कलच्या आत राहतो. वजन सतरा किलोच्या आसपास, म्हणजे ‘सी’च्या जवळजवळ निम्मे, आणि यात कुठेही वेल्डिंग नाही, ही माझ्या मते सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, कारण घरी केलेल्या वेल्डिंगच्या आत काय दडले आहे ते बाहेरून दिसत नाही. जॅकच्या बाजूला पायरीचा पंच आणि दुसऱ्या बाजूला कप, हे लेथवाल्यांनी सांगितलेलेच दोन भाग येथेही चालतील.

बॉटल जॅक आडवा वापरताना त्याचा पंप खालच्या बाजूला आला पाहिजे. पंप वर राहिला तर तो तेलाऐवजी हवा ओढतो आणि जॅक मऊ पडतो. पुष्कळ जण तेव्हा जॅक बिघडला असे समजतात. दोन्ही बारांचे नट सारख्या आट्यांवर आहेत का, म्हणजे पट्ट्या समांतर आहेत का, ते प्रत्येक वेळी व्हर्निअरने किंवा निदान फुटपट्टीने तपासा. पट्टी तिरकी असेल तर जॅकचा दांडा वाकतो आणि तो बाजूला निसटू शकतो.

आणखी एक हत्यार आपण करून ठेवावे, कारण त्याअभावी होणारे अपघात मी पाहिले आहेत. पाट्यांचा जोड उघडताना सेंटर बोल्ट (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा बोल्ट) सोडला की दाबून धरलेले पाटे उसळतात. एम १६ चे दोन लांब बार आणि १२ मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या यांची एक पकड, अशा दोन पकडी सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना लावून जोड आधी आवळावा, मग बोल्ट काढावा, आणि पकडी थोड्या-थोड्या, आळीपाळीने सैल कराव्यात. परत बांधताना सगळ्या पाट्यांची भोके एका रेषेत आणण्यासाठी बोल्टच्याच जाडीचा, टोकाला निमुळता केलेला पोगर घाला. भोक जुळले की नाही हे बोटाने चाचपून बघण्याची सवय असेल तर ती आजच सोडा.

ट्रकमालक, शिरोली (आठ दिवसांनी)

काम झाले, म्हणून सविस्तर कळवतो.

हॅकसॉने चीर पाडायला पन्नास मिनिटे लागली. आवाज बदलतो असे काकांनी लिहिले होते, ते वाचून मनात शंका होती, पण खरोखरच एका क्षणी पानाचा सूर चढला आणि मी थांबलो. छिन्नीने कड आत वळवल्यावर बुशामागून चहापूडसारखा कोरडा गंज खाली सांडला. बाहेरच्या बाजूचा निम्मा पृष्ठभाग खाऊन गेला होता आणि गंज फुगल्यामुळेच बुश डोळ्यात ठासून बसला होता.

मधल्या काळात उद्यमनगरातून एम २४ चा बार, लांब नट, पायरीचा पंच आणि कप करून आणले होते. त्यांची परीक्षा मागच्या उजव्या पाट्यावर झाली. तिथल्या बुशाला चीर पाडली नाही. पिना मात्र काकांच्या रीतीने काढल्या. भाऊ जॅकवर, मी पान्यावर. चौथ्या-पाचव्या वेळी पाना एकदम हलका झाला आणि पिन हाताने फिरली. मग मीटरभर पाइप लावून पुलरचा नट आवळत गेलो. एका जागी नट थांबला, मी दम घेतला, आणि तेवढ्यात ‘टक्’ असा मोठा आवाज होऊन बुश दोन मिलिमीटर सरकला. दोघेही दचकून मागे झालो. त्यानंतर तो सरळ कपात उतरला. गोणपाट गुंडाळले होते, बाराच्या रेषेत कोणी नव्हते.

नवे बुश बसवण्याआधी एक रात्र घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले. चाळीस मिलिमीटरच्या कांस्याच्या बुशाचा व्यास तीस अंशांवरून उणे अठरापर्यंत नेला की तीन-साडेतीन शतांश मिलिमीटर कमी होतो, असे लेथवाल्या दादांनी फोनवर सांगितले होते. तेवढ्यानेही पंचाला सुरुवात सोपी झाली. चौकटीच्या सांगाड्याच्या पट्ट्या कापायला दिल्या आहेत. एक शंका उरली आहे: नव्या बुशात नवी पिन हाताने जात नाही, तीन-चार मिलिमीटर जाऊन थांबते. पिन ठोकावी का?

उत्तर (पाटे मिस्त्री, मार्केट यार्ड)

ठोकू नका. बुश दाबून बसवला की त्याचे भोक किंचित आवळते, त्यामुळे पिन न जाणे हेच बरोबर बसल्याचे लक्षण आहे. पिनेच्या मापाचा ॲडजस्टेबल रीमर घेऊन हाताने, एकाच दिशेने फिरवत, थोडे-थोडे माप वाढवत भोक करा आणि दर वेळी पिन घालून पाहा. ग्रीस लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने जावी, पण हलवली असता खडखडू नये. रीमर उलटा फिरवू नका, धार जाते. त्याआधी बुशाच्या ग्रीसच्या भोकात काडेपेटीची काडी घालून ते पाट्याच्या किंवा पिनेच्या भोकाशी जुळले आहे ना, ते पाहा. जुळले नसेल तर रीमर मारण्यापूर्वी बुश परत काढावा लागेल. गाडी जोडून झाल्यावर पहिले ग्रीस चेसिस जॅकवर उचलून, पिनेवरचे वजन काढूनच मारा, म्हणजे ते भार घेणाऱ्या बाजूलाही पोहोचते. दोन्ही कडांनी स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत गन थांबवू नका. यू बोल्ट (पाटे ॲक्सलला बांधणारे) काढले असतील तर नवेच लावा, जुने पुन्हा वापरू नका, आणि उसाची पहिली भरलेली खेप झाली की ते सगळे एकदा परत आवळा.